नोंद घेऊन नष्ट

४ फेब्रुवारी

कॉम्प्युटर सुरू केल्यावर आज एक पाटी आली. सध्याच्या सिस्टिमची देखभाल बंद झाली आहे, यापुढे ती सुरक्षित नाही, असं तिच्यावर होतं. खाली 'ठीक आहे' एवढं एकच बटण. ठीक नसेल तर काय दाबायचं ते दिलेलं नव्हतं.

जावईबापूंना फोन केला. ते म्हणाले, "बाबा, यंत्र धडधाकट आहे. आतली सिस्टिम तेवढी बदलू. दुसरी एक आहे, हलकी आहे, तुमच्या यंत्राला झेपेल. पेनड्राइव्ह पाठवतो आणि टप्पे कागदावर लिहून देतो. तुम्हाला कागद लागतो, माहितेय मला."

ही शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं सगळं त्यात आहे."

"माहितेय."

"माहितेय म्हणूनच सांगतेय."

हिचं सगळं म्हणजे तेराशे सहा बाळंतपणं. चौतीस वर्षं ही प्रसूतिगृहात नर्स होती. घरी आली की हातपाय धुवायच्या आधी वहीत लिहायची. मुलगा की मुलगी, वजन, वेळ, आणि बाळंतीण पहिल्यांदा काय बोलली ते. अशा सात वह्या झाल्या. कागद पिवळे पडले, कसर लागली, तेव्हा मीच म्हटलं, कॉम्प्युटरवर घेऊ. चार वर्षं लागली. ही एका बोटाने टाइप करायची आणि मी वही वाचून ताडून घ्यायचो.

मी एकतीस वर्षं सरकारी अभिलेख कक्षात होतो. जुने कागद जपणं आणि मुदत संपली की नष्ट करणं, दोन्ही माझ्याचकडे. नकलेखाली 'मुळाबरहुकूम' लिहून सही करायचो, म्हणजे नक्कल मुळाशी शब्दन् शब्द जुळते याची हमी. न ताडता सही केली असं एकदाही झालेलं नाही. हिच्या वह्या ताडून झाल्यावर मी त्या नियमाप्रमाणे फाडून बादलीत भिजवल्या. मूळ आणि नक्कल दोन्ही ठेवली की पुढे घोळ होतो. दोन दिवस बादलीतलं पाणी निळं होतं. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, "ते ओतून टाका आता."

११ फेब्रुवारी

पाकीट आलं. पेनड्राइव्ह आणि कागद. नऊ टप्पे, प्रत्येकापुढे खूण करायला चौकोन. जावयांचं अक्षर आमच्या मुलीपेक्षा बरं आहे. पहिला टप्पा असा: 'सगळ्या फायलींची नक्कल घेतल्याची खात्री करा.'

उद्या ही दिवसभर बहिणीकडे जाणार आहे. तेवढ्यात करून टाकतो. परत आल्यावर तयारच दिसेल.

१२ फेब्रुवारी

झालं. साडेअकराला सुरू केलं, सव्वाबाराला संपलं.

मध्ये एकदाच थांबावं लागलं. यंत्राने दोन पर्याय दिले: जुन्या सिस्टिमशेजारी बसवा, किंवा डिस्क पुसून बसवा. एका विषयाच्या दोन नस्त्या, म्हणजे फायली, मी कधी चालू दिल्या नाहीत. दुसरा पर्याय निवडला. त्यावर इशारा आला की यावरचं सगळं कायमचं नष्ट होईल, परत आणता येणार नाही. हे वाक्य मला पाठ आहे. आमच्याकडे नष्ट करायच्या कागदांच्या प्रत्येक तक्त्याच्या तळाशी ते छापलेलं असायचं. तो तक्ता माझ्या टेबलावर यायचा तेव्हा खालच्या टेबलावर नक्कल झालेलीच असायची. नाहीतर तक्ता वर येतच नाही. यंत्र विचारतंय म्हणजे यंत्राने नक्कल ठेवली. 'पुढे' दाबलं.

नऊच्या नऊ चौकोनांत खुणा केल्या. नवीन पडदा करडा आहे, स्वच्छ आहे. पासवर्ड मात्र उठसूट मागतो. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं ओळख सांगत बसायचं. विसरायला नको म्हणून चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला.

लोक याला उगाच घाबरतात.

संध्याकाळी: हिची फाइल दिसली नाही. खालच्या कुठल्या तरी कप्प्यात असेल. उद्या बघतो.

१३ फेब्रुवारी

सकाळी दूध घेऊन आलो तर ही पलंगाच्या कडेवर बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर. विचारलं तर म्हणाली, जरा गरगरलं. पाणी दिलं. मग उठून आंघोळीला गेली.

तेवढ्यात कॉम्प्युटर लावला. 'दस्तऐवज' उघडलं, रिकामं. 'चित्रं', रिकामं. 'इतर', रिकामं. नवी कपाटं, प्रत्येकाला व्यवस्थित लेबल लावलेलं, आणि आत काही नाही. कचरापेटीही उघडून पाहिली. 'कचरापेटी रिकामी आहे,' असं लिहून आलं.

जावयांना फोन लावला.

"बाबा, पहिला टप्पा केलात ना?"

"खूण केली आहे."

"खूण नाही हो. नक्कल. कशावर घेतलीत?"

कागद हातात होता. खुणा अगदी एका रेषेत होत्या.

"बाबा?"

"ती यंत्राने घेतली ना."

मग ते म्हणाले, "यंत्र नाही घेत बाबा. आपण घ्यायची असते." आणि अगदी हळू, "आईंना सांगितलंत?"

मी म्हणालो, ही आंघोळीला गेली आहे. हे उत्तर नव्हतं, पण त्यांनी पुढे विचारलं नाही.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता. मी तो बंद होऊ नये असं म्हणत उभा राहिलो.

१४ फेब्रुवारी

काल दिवसभर आणि आज दुपारपर्यंत काय केलं ते सांगता येत नाही. जेवलो असेन. ताट धुतलेलं होतं.

ही कॉम्प्युटरजवळ आली नाही.

१५ फेब्रुवारी

हिला विचारलं, नवीन सिस्टिम बघणार का. विचारायला नको होतं, पण न विचारणं संशयास्पद दिसलं असतं.

"तुम्हीच शिका आधी. मला काही घाई नाही," ही म्हणाली.

केवढं हायसं वाटलं. नशीब बलवत्तर म्हणायचं. हिने माझी रक्तदाबाची गोळी आणून समोर ठेवली. मी घेतली होती का ते मला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं. घेतली नव्हती.

१६ फेब्रुवारी

'तपासणीला नेतो,' असं सांगून यंत्र चादरीत गुंडाळून दुरुस्तीच्या दुकानात नेलं. ही म्हणाली, "सांभाळून न्या. पायरी आहे तिथे."

दुकान चालवणारी बाई पस्तिशीची, केसात स्क्रूड्रायव्हर खोचलेला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, फळ्यावरचं नुसतं पुसलं असतंत तर खडूच्या खुणा राहिल्या असत्या. तुम्ही पुसलंत आणि वर दुसरं लिहिलंत."

"किती लिहिलं?"

"भरपूर."

"पण काहीतरी निघेल."

"बघते. दोन दिवस द्या. होतं काय त्यात?"

मी म्हणालो, "तेराशे सहा मुलं."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. बसलो.

१८ फेब्रुवारी

दुकानातल्या बाईला एक पत्र सापडलं. माझं, पाणीपुरवठा खात्याला लिहिलेलं, नळाला दाब नसल्याबद्दल. अर्धं.

"आणि बटणांची बारीक चित्रं निघाली हजारभर. ती नको असतील."

"बाकी?"

"बाकी नाही, काका."

यंत्र परत गुंडाळताना ती म्हणाली, "सिस्टिम मात्र फर्स्टक्लास बसवलीयत. पहिल्यांदाच केलंत ना? आमच्याकडची शिकाऊ पोरं इतकं नीट करत नाहीत."

दुकानाच्या पायरीवर पाय अडखळला. ही म्हणालीच होती.

१९ फेब्रुवारी

दुपारी फोन वाजला. हिने घेतला. मला हिच्या बाजूचं तेवढं ऐकू येत होतं.

"हो, मीच... किती साली? ... अच्छा. मावशी गेल्या का. कधी? ... हो. आहे ना. लिहिलेलं आहे माझ्याकडे... नाही, फोनवर नको. घरी या. सत्तावीसला या, दुपारी."

फोन ठेवून ही माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "चारशे बारा. आठवतो का नंबर?"

तेराशे सहांपैकी हा एकच मला पूर्ण आठवतो, कारण त्यावरून आमचं वाजलं होतं. वहीत असं होतं: 'मुलगी. दोन किलो सहाशे. दुपारी तीन वाजून दहा. आई म्हणाली, नका दाखवू मला. तोंड फिरवलं. पाहिलं नाही. सहाला आई गेली.' टाइप करताना हिने मधला भाग गाळला होता. ताडताना मी पकडलं. ही म्हणाली, "राहू द्या ना तेवढं. कोण वाचणार आहे?" मी म्हणालो, गाळलेली ओळ म्हणजे खोटी नक्कल. दोन दिवस ही माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गप्पपणे बसली आणि टाइप केलं.

ती मुलगी आता अडतीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते, असं हिने सांगितलं. मावशीने वाढवली. आईचा विषय काढला की मावशी गप्प व्हायची. गेल्या महिन्यात जाताना एवढंच बोलली की तुला काय विचारायचं ते सिस्टरांना विचार, त्या तिथे होत्या. प्रसूतिगृह कधीच बंद पडलं, त्याची दप्तरं गळक्या छपराखाली कुजून गेली. आता जगात एकच नोंद आहे, ती आमच्याकडे. असं ती समजते.

तिला एकच गोष्ट हवी आहे. आईने आपल्याला पाहिलं होतं का.

आठ दिवस आहेत.

२१ फेब्रुवारी

सकाळभर नव्या सिस्टिमसमोर बसलो. प्रत्येक कप्पा पुन्हा उघडला. उघडता उघडता शिकतोय. आता मला अक्षर मोठं करता येतं, छपाई होते, तारीखही मराठीत दिसते. जुन्यात हे काही येत नव्हतं. सगळं आधीपेक्षा चांगलं चालतं. याचा मला इतका राग येतो की उठून गॅलरीत जावं लागतं.

२३ फेब्रुवारी

आज सांगायचंच असं ठरवलं होतं. शब्दही जुळवले होते. 'सादर करण्यात येते की' असे सुरू होत होते. दुसरी सुरुवात सुचेना.

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. समोर जाऊन उभा राहिलो.

"काही म्हणायचंय का?" हिने विचारलं. चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. आम्ही ती ताणून धरली, घडी घातली.

"साखर संपलीये," मी म्हणालो.

"काल तुम्हीच आणलीत."

"हो. तेच. आणली आहे."

ही माझ्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग दुसरी चादर उचलली. "धरा," म्हणाली.

२४ फेब्रुवारी

ही हल्ली दुपारी खिडकीपाशी खुर्ची घेऊन झोपते. पूर्वी दुपारची झोपायची नाही. वय झालं. डोळे मिटलेले, बोटं मांडीवर हलत असतात, आणि झोपेत आकडे पुटपुटते. आज 'दोनशे सत्तावन्न, जुळे' असं ऐकू आलं. मी तिच्या अंगावर शाल टाकली. ती दचकली, म्हणाली, "आता पुन्हा मागून यावं लागेल." झोपेत माणूस काहीही बोलतं.

२६ फेब्रुवारी

एक विचार आला. चारशे बारा मला पाठ आहे. निदान तेवढा तरी लिहून ठेवावा. उद्या पाहुणीसमोर हिने फाइल उघडली तर एक तरी नोंद निघेल. बाकीचं मग बघता येईल.

नवी फाइल उघडली. टाइप केलं. 'मुलगी. दोन किलो सहाशे.' सगळं, तोंड फिरवल्यापर्यंत. वाचून पाहिलं. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. पण ताडायला समोर काही नाही. मूळ नसताना नुसत्या स्मरणावर उतरवलेल्या कागदाला आमच्या कक्षात कागदच म्हणत नसत. असे दोन कारकून माझ्या काळात घरी गेले.

फाइल काढून टाकली. यंत्राने विचारलं, कायमची नष्ट करायची का. त्या प्रश्नासमोर किती वेळ बसलो माहीत नाही. पडदा आपोआप काळा झाला आणि त्यात माझा चेहरा दिसला.

२७ फेब्रुवारी

ती तीन वाजता आली. शाळेतून थेट आलेली, बाहीला खडू लागलेला. खुर्चीच्या कडेवर बसली. कॉम्प्युटर मी सकाळीच कापडाने झाकून ठेवला होता. तिची नजर तिकडे गेली.

"त्यात आहे का सगळं?"

माझ्या हातात चहाचा ट्रे होता.

"यांनी परवाच नवीन सिस्टिम बसवली," ही म्हणाली. "माझा अजून हात बसला नाही तिच्यावर. मी तोंडी सांगते. तुला अगंतुगं केलं तर चालेल ना? तुझी पहिली आंघोळ मी घातलीय."

ती हसली. हसताना खुर्चीत मागे टेकली.

मी ट्रे ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. हिने वॉर्डातला बिघडलेला पंखा सांगितला. कोपऱ्यातली खाट सांगितली, तिची एक दांडी वाकलेली होती ती सांगितली. तिच्या आईने घट्ट वेणी घातली होती आणि ती सुटू नये म्हणून दोनदा सांगितलं होतं. यातलं वहीत काहीच नव्हतं. मला ते नवीन होतं.

"दोन किलो सहाशे होतीस. तीन वाजून दहा मिनिटं."

बरोबर. मी मनात ताडत होतो.

मग ती म्हणाली, "सिस्टर, मला एकच विचारायचं होतं. तिने मला पाहिलं होतं का?"

ही थांबली नाही. घोट घेऊन कप खाली ठेवावा इतक्या सहज बोलली.

"पाहिलं की. टॉवेलात गुंडाळून मीच दिलं तुला तिच्या कुशीत. आधी कान पाहिला तुझा. डावा." हे बोलताना ही तिच्या कानाकडे बघत होती. "म्हणाली, अय्या, हा तर आमच्या ताईचा कान."

तिचा हात कानाकडे गेला. तिथेच राहिला.

"मावशीचा," ती म्हणाली.

"मावशीचा. ती न्यायला आली होती ना तुला, मी पाहिलाय. कानाची पाळी अशीच, चिकटलेली."

ही चुकत होती. आयुष्यभर जिचा एक आकडा चुकला नाही ती चुकत होती, आणि याला कारण मी. फाइल असती तर हिने वाचून दाखवलं असतं. बरोबर ओळ माझ्या जिभेवर होती. तीन शब्द. मी तोंड उघडलंही. पण बोललो असतो तर ती म्हणाली असती, दाखवा नोंद. तोंड मिटलं. या घरात आज एक खोटी साक्ष झाली आणि अभिलेखपाल दारात उभा राहून ऐकत होता.

ती रडली नाही. कानाला हात तसाच होता. मग म्हणाली, "फोनवर म्हणालात की लिहिलेलं आहे. त्या एका नोंदीची नक्कल मिळेल का? मला माझ्या मुलीला द्यायचीय. तिचाही तसाच आहे."

मी वाट पाहत होतो ही काय सांगते याची.

"मिळेल ना," ही म्हणाली. "हे करून देतील. रेकॉर्डात होते. यांनी सही केलेली नक्कल आजवर खोटी निघालेली नाही."

जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरकलो.

दार लागल्यावर ही कप गोळा करू लागली.

"नोंद अशी नव्हती," मी म्हणालो.

हिने दोन कप एकात एक ठेवले.

"नोंद कुठे आहे?" तिने विचारलं.

पुढे आज लिहवत नाही.

२८ फेब्रुवारी

कालचं राहिलेलं.

मी विचारलं, कधी कळलं. ही म्हणाली, "दूध आणायला गेला होतात तेव्हा. पासवर्ड चिकटवून ठेवलेला होताच."

म्हणजे तेराला. पलंगावर हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती ती त्यानंतर. पंधरा दिवस.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. साखर संपलीये म्हणालात तेव्हा वाटलं होतं, आता सांगताय."

मला बसावंसं वाटलं. जवळ खुर्ची नव्हती. जमिनीवर बसलो. ही आली नाही जवळ. ओट्यापाशी उभी राहून बोलली.

"राग आहे मला. पुष्कळ आहे. चार वर्षं टाइप केलंय मी, आणि त्याआधी वह्या तुम्ही भिजवल्यात तेव्हाही बोलले नव्हते. तो राग मी सावकाश काढीन. आधी तिची नक्कल लिहा."

"काय लिहू?"

"मी सांगितलं ते."

"पण खरं काय..."

"खरं तुम्ही बादलीत भिजवलंत," ही म्हणाली. मग ओटा पुसत म्हणाली, "तुम्हाला वहीतलं माहीत आहे. मी तिथे होते."

याचा अर्थ मी विचारला नाही. विचारण्याचा अधिकार कुणाचा, ते मला कळेनासं झालं आहे.

आज सकाळी चांगला जाड कागद काढला. कॉम्प्युटरवर नको, हाताने लिहा, असं ही म्हणाली. तिने सांगितलं, मी लिहिलं. मुलगी. दोन किलो सहाशे. दुपारी तीन वाजून दहा. आईने कुशीत घेतलं, डावा कान पाहिला, म्हणाली, हा तर आमच्या ताईचा कान. 'अय्या' लिहू का, विचारलं. "लिहा," म्हणाली. "ते आधी लिहा."

मग कागदाचा खालचा कोपरा आला. तिथे 'मुळाबरहुकूम' लिहायचं असतं. पेन टेकवलं आणि हात हलेना.

"लिहा."

"मूळ नाही."

"मूळ काल या खुर्चीत बसून चहा पिऊन गेलं."

मी लिहिलं. सही केली. तारीख घातली. एकतीस वर्षांत शाईने डाग पडला नव्हता, आज बोटाला लागली.

१ मार्च

नक्कल टपालात टाकली. कार्यालयीन प्रत ठेवली नाही.

घरी आलो तर हिने कॉम्प्युटरवरचं कापड काढून घडी करून ठेवलं होतं. आणखी एक खुर्ची शेजारी मांडली होती.

"उद्यापासून एकपासून सुरू करायचं," ही म्हणाली. "मी सांगेन, टाइप तुम्ही करायचं. नवीन सिस्टिम आहे, तुम्हीच शिकलाय ती."

"आठवतात किती?"

"सहाशे सत्तर झाले कालपर्यंत. तुम्ही शाल घातली नसतीत तर जास्त झाले असते. झोपते असं वाटलं का तुम्हाला?"

मी त्या खुर्चीत बसलो.

"आणि ताडायचं नाही," ही म्हणाली. "मी सांगेन ते लिहायचं. रोज जेवणाआधी नक्कल. एक इथे, एक जावयांकडे, एक पेनड्राइव्हवर. तुमची खूण नको. मी स्वतः बघेन."

पहिला टप्पा मी कागदावर लिहून घेतला.

आता या वहीचं. शाळेतल्या बाईंचा दुपारी फोन आला होता, उन्हाळ्यात मुलीला घेऊन येतो म्हणाल्या. येतील. आमच्यानंतर आमची मुलगी कपाटं आवरील, काय निघेल ते वाचील, कुणाला तरी दाखवील. एकाच घटनेच्या दोन नोंदी असतील आणि जुळत नसतील तर एक रद्द करावी लागते. नियमच आहे. १९ तारखेचं पान उघडून पुन्हा वाचलं. हिच्या वहीतली ती ओळ आता जगात एवढ्या एकाच ठिकाणी उरली आहे.

नुसतं ते पान फाडता येत नाही. शिवलेली वही आहे, मागची पानं सुटतात. गेले अकरा महिने रोज लिहिलेली आहे. पूर्ण वहीच जाईल.

न्हाणीघरात बादली भरून ठेवली. नळाला दाब नाही, वेळ लागला. ही दारात येऊन बघून गेली. कशाला, असं तिने विचारलं नाही.